बुटकी म्हणून विकू नका, तीच आपलं बियाणं आहे
(पळसदेव येथे महिला प्रभागसंघाच्या बैठकीत एका पशुसखीने केलेलं भाषण)



आज मला कोंबडीपालनावर बोला म्हणून सांगितलंय. तुम्ही म्हणाल, कोंबडीचं आम्हाला काय शिकवते, जन्मापासून खुराडं झाडतोय. खरं आहे. म्हणून मी शिकवत नाही, माझी चूक सांगते.

मी गटातून कर्ज काढलं आणि कोंबड्या वाढवल्या. सासूबाईंच्या लहान चणीच्या गावरान कोंबड्या होत्या. मला वाटलं, या बुटक्या काय कामाच्या? मोठा कोंबडा आणला तर पिल्लं मोठी होतील. बाजारातून एक रुबाबदार कोंबडा आणला आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडला. आठव्या दिवशी कोंबड्या माना वाकड्या करायला लागल्या. हिरवी हगवण, पंख गळालेले. मानमोडी, म्हणजे राणीखेत. सत्तावीसमधल्या तेवीस गेल्या. कोंबडा तर पहिल्यांदा गेला. कर्जाचा हप्ता मात्र राहिला!

उरल्या चार. त्यातली एक सासूबाईंची बुटकी, किलोभरसुद्धा नसेल. ती खुडूक झाली, बारा अंड्यांवर बसली, दहा पिल्लं काढली. घार आली की पंखाखाली घ्यायची, मांजरावर धावून जायची. तिच्या आणि तिच्या लेकींच्या पिल्लांवर मी ते कर्ज फेडलं. तेव्हा कळलं, लहान असणं हा तिचा दोष नव्हता.

आपल्या महाराष्ट्रात अशा लहान कोंबडीची एक नोंदलेली जात आहे, तिचं नाव बुसरा. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर, धुळ्यातलं साक्री आणि लागून असलेला गुजरातचा भाग, हे तिचं माहेर. तिथल्या आदिवासी बायकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या परसात सांभाळली. वजन किलोच्या आसपास, वर्षाला साधारण ४० ते ५५ अंडी, अंडंही लहान. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा अंड्यांत काय भागतं? पण ती स्वतः चरून पोट भरते, स्वतः अंडी उबवते, स्वतः पिल्लं वाढवते. तिला मशीन लागत नाही, लाईटचं बिल येत नाही.

आता त्याच नवापूरची दुसरी गोष्ट ऐका. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरलाच सापडला. रोग पसरू नये म्हणून आजूबाजूच्या गावांतली मोठ्या पोल्ट्रीतली आणि परसातलीही कोंबडी मारावी लागली. २०२१ मध्ये तिथं पुन्हा तेच झालं. विचार करा, जी जात एकाच टापूत राहते, तिच्या दारात असा रोग आला तर बियाणंच जायची भीती. म्हणून आपलं गावरान बियाणं एका घरात, एका गावात ठेवायचं नाही. दहा घरांत ठेवायचं.

आपण तर उजनीच्या काठावर राहतो. जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं, पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर दिसतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. एकदा गेलेलं परत आणता येत नाही, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? आणि याच पाण्यावर हिवाळ्यात रोहित आणि बाहेरगावचे पक्षी येतात. बघायला छान, पण रानपाखरांकडून रोग येऊ शकतो. म्हणून कोंबड्यांना धरणाच्या काठावर चरायला सोडू नका, बोअरचं किंवा नळाचं पाणी पाजा. एकदम जास्त कोंबड्या मेल्या तर हात लावू नका, विकू नका, कापून खाऊ नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

आता कोंबडी कशी निवडायची ते सांगते. गिरिराज, वनराज या सुधारित जाती वाईट नाहीत. अंडी जास्त देतात, वजन लवकर धरतात. ज्यांना विकायलाच पाळायच्यात त्यांनी जरूर पाळाव्यात. पण त्या खुडूक बसत नाहीत, दर वेळी पिल्लं विकत आणावी लागतात. त्यांचा कोंबडा गावरान कोंबडीवर सोडला की लेकींचं खुडूक बसणं कमी होत जातं. दोन-तीन पिढ्यांत घरातली उबवणी बंद. म्हणून दोन्ही पाळायच्या असतील तर खुराडी वेगळी आणि कोंबडेही वेगळे ठेवा.

बियाण्याच्या कळपात आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. कोंबडा मोठा बघू नका. ज्या कोंबडीने जास्त पिल्लं जगवली तिच्या पोटचा, चपळ, सरळ पायांचा घ्या. मात्र तोच कोंबडा स्वतःच्या लेकींवर राहू देऊ नका. तसं झालं की अंडी फुटत नाहीत, पिल्लं अशक्त निघतात. दरवर्षी कोंबडा बदला. पळसदेवच्या गटाने डाळजला द्यावा, डाळजने कुंभारगावला. पैसे लागत नाहीत, फक्त नोंदवहीत एक ओळ लिहायची. आणि नवा कोंबडा आला की तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवायचा. मी तेवढं केलं असतं तर तेवीस कोंबड्या वाचल्या असत्या.

रवणाला बसवताना अंडं सात दिवसांपेक्षा जुनं नको. फार मोठं नको, फार लहान नको, तडकलेलं नको. साठवताना टोकाची बाजू खाली ठेवा. पाटीत राख आणि वाळू घाला, वर भुसा किंवा वाळलेलं गवत, थोडा लिंबाचा पाला. त्यानं पिसवा-गोचीड कमी होतात. कोंबडीला अंधार पडल्यावर बसवा, म्हणजे ती उठत नाही. बुटकीखाली दहा-बाराच अंडी. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. सातव्या रात्री बॅटरीचा उजेड धरून बघा. लाल शिरा दिसल्या तर जीव धरलाय, नुसतं पारदर्शक दिसलं तर काढून टाका. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर. पहिला आठवडा आईसकट डालग्याखाली, कणी किंवा मक्याचा बारीक भरडा आणि पसरट भांड्यात पाणी, त्यात दोन-चार खडे, म्हणजे पिल्लं बुडत नाहीत. मोठ्या कोंबड्यांना शिंपल्याचा चुरा द्या, अंड्याचं कवच घट्ट होतं.

आता लशीचं. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब. चौदाव्या दिवशी गंबोरो. चौथ्या आठवड्यात परत लासोटा. सहाव्या आठवड्याच्या सुमारास देवीची लस, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी, ती टोचायची असते. अडचण ही आहे की कुपी शंभर-शंभर डोसांची येते, आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. एकीच्या सहा पिल्लांसाठी कोण फोडणार? म्हणून तर गट आहे! दहा जणींनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या की पिल्लं एका वयाची निघतात, एकाच सकाळी सगळ्यांची लस होते. बर्फाचा थर्मास एकीने आणायचा, पैसे सगळ्यांनी वाटून घ्यायचे.

शेवटचं, आणि हे मी हात जोडून सांगते. दुर्मिळ जात म्हणून कुणी फोनवर महागडी पिल्लं विकायला आलं तर आधी गटात बोला. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कोंबडी चांगलीच आहे. पण २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडं कितीतरी शेतकरी कुटुंबं ‘पिल्लं आमची घ्या, अंडी आम्हीच परत घेऊ’ या कडकनाथच्या योजनेत पैसे घालून बुडाली. दोष कोंबडीचा नव्हता, कागद न वाचता दिलेल्या पैशाचा होता. उद्या कुणी ‘बुसरा’ म्हणून रंगीत पिल्लं आणेल. ती नवापूरची, तिथल्या बायकांकडंच शोभते. आपल्याला तिच्याकडून शिकायचंय, तिला विकत घेऊन मिरवायचं नाही.

आता घरी गेलात की एक करा. खुराड्यात बघा, सगळ्यात लहान पण सगळ्यात जास्त पिल्लं जगवणारी कोंबडी कुठली. तिच्या पायात लाल दोरा बांधा. पाहुणे आले तरी तिला कापायची नाही, बाजारात द्यायची नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटानं किती लाल दोरे बांधले ते सांगायचं. माझ्याकडं तीन आहेत. एक कोंबडा द्यायला तयार आहे, कोण घेतंय?