चाकरी करावी कशी आणि सोडावी कशी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात मालमोटारचालक बंधूंपुढे केलेले भाषण)



शिक्षण, विवाहखर्च, वसतिगृह या विषयांवर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या वर्गणीवर ही कार्ये चालतात, त्यांपैकी कितीतरी बंधू रात्री-अपरात्री ट्रकच्या चक्राशी बसून आपले पोट भरतात. त्यांच्या धंद्याविषयी दोन शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली आणि ती आम्ही आनंदाने शिरोधार्य मानली. आमच्या समोर आज चालकही आहेत आणि चार-दोन गाड्या बाळगणारे मालकही आहेत. तेव्हा आमचे बोलणे दोघांनाही लागू आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

कारखान्यातील कामगाराच्या पाठीशी मुकादम उभा असतो, कारकुनाच्या टेबलासमोर साहेब बसलेला असतो. ट्रकचालकाच्या मागे कोण असते? कळंबोलीहून लोखंड भरून गाडी निघाली, की पुढचे दोन दिवस लाखो रुपयांची गाडी आणि तितक्याच मोलाचा माल एका माणसाच्या सद्सद्विवेकावर सोपविलेला असतो. आता गाडी कोठे आहे हे मालकाला घरबसल्या यंत्रावर दिसते खरे. परंतु चालक घाट उतरताना डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडतो, की ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये सावकाश उतरतो, हे त्याचे त्यालाच ठाऊक. कोणी पाहत नसताना माणूस जसा वागतो तसा तो खरा असतो, ही कसोटी या धंद्याइतकी रोजच्या रोज दुसऱ्या कोणत्याही धंद्यात लागत नसेल.

म्हणून चालकाची वृत्ती हा नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. निघण्यापूर्वी टायर ठोकून पाहणे, ताडपत्रीच्या दोऱ्या तपासणे, बिल्टी, विमा, परवाना आणि ई-वे बिल जागेवर आहे की नाही हे पाहणे, ही कामे करणारा चालक मालकावर उपकार करीत नाही. तो स्वतःचा जीव आणि स्वतःची अब्रू राखतो. तसेच क्लीनरशी वागणे. केबिनमधील पोरगा कोणाचा तरी मुलगा आहे. त्याला शिव्या देऊन काम करून घेता येते, पण शिकविता येत नाही; आणि आज शिकविलेला क्लीनरच उद्याचा चालक होणार आहे. हमालाशी, वजनकाट्यावरच्या माणसाशी आणि नाक्यावरच्या शिपायाशी आवाज न चढविता बोलणारा माणूस भित्रा असतो, असे आम्ही मानीत नाही. त्याचा वेळ वाचतो आणि पुढच्या खेपेला त्याची ओळख राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. नोकरी धरण्याची रीत आपले वडीलधारे शिकवितात. ती सोडण्याची रीत कोणीच शिकवीत नाही. यामुळे आपल्यातील चांगले चालकही नोकरी सोडताना असे काही वागतात, की दहा वर्षांची कमाई एका रात्रीत धुऊन निघते. कोणी उचल घेऊन गावी जातो आणि फोन बंद करतो. कोणी ऐन दिवाळीच्या किंवा उसाच्या हंगामाच्या तोंडावर किल्ली टेबलावर फेकतो. कोणी तर भरलेली गाडी वाटेतल्या ढाब्यावर उभी करून दुसऱ्याच ट्रकमध्ये बसून घर गाठतो. ‘मालकाची जिरविली’ असे त्याला वाटते. पण त्या गाडीत नारायणगावचे टोमॅटो असतील, तर जिरते कोणाची? मालकाचे एका फेरीचे भाडे बुडते. ज्याचा माल सडतो त्या शेतकऱ्याने मात्र या चालकाचे काहीही वाकडे केलेले नसते. भांडण दोघांचे आणि दंड तिसऱ्याला, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

नोकरी सोडू नये, असे मात्र आम्ही मुळीच म्हणत नाही. अधिक पगार, घराजवळचा मार्ग, म्हातारे आईबाप, स्वतःची गाडी घेण्याची हिंमत ही सारी कारणे रास्त आहेत. फक्त सोडण्याला एक क्रम असावा. पहिली गोष्ट, हाती घेतलेली खेप पोहोचवावी. माल उतरवून, पोहोचपावतीवर सही-शिक्का घेऊन मगच सोडण्याचा शब्द काढावा. दुसरी गोष्ट, तो शब्द निरोप्याकरवी किंवा फोनवरून न पाठविता समोर उभे राहून सांगावा: “मालक, पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत मी आहे, तोवर माणूस पाहा.” एवढ्या एका वाक्याने निम्मी कटुता टळते. तिसरी गोष्ट हिशेबाची. उचल किती, भत्ता किती, टोल व डिझेलला दिलेल्यांपैकी शिल्लक किती, हे एका कागदावर मांडून दोघांनी सह्या कराव्यात. चौथी गोष्ट, गाडी मोजून द्यावी: स्टेपनी, जॅक, पाने, ताडपत्री, दोर, कागदपत्रांची पिशवी.

पाचवी गोष्ट आम्ही सर्वांत मोठी मानतो, आणि तीच बहुधा विसरली जाते. प्रत्येक गाडीचा एक स्वभाव असतो व तो तिच्या चालकालाच माहीत असतो. आमच्या पाहण्यातील एका चालकाने किल्ली देताना पुढच्या माणसाला बाजूला घेऊन सांगितले, की मागच्या डाव्या चाकाचा ड्रम लांब उतारावर तापतो; मिस्त्रीला दाखविल्याखेरीज खंबाटकी उतरू नकोस. तसे सांगण्याचा त्याला पगार नव्हता. नवा माणूस आपल्या ज्ञातीचाही नव्हता. मिस्त्रीने चाक उघडले तेव्हा ब्रेकचे लायनर जळून गेलेले निघाले. त्या एका वाक्याने कोणाचे घर वाचले, हे सांगावयास नकोच. उलट ‘आता माझे काय जाते’ म्हणून तो गप्प बसला असता, तर कोणत्याही कायद्याने त्याला दोषी धरले नसते. पण आम्ही त्याला निर्दोष म्हटले नसते.

येथे कोणी म्हणेल, सारा उपदेश गरिबालाच का? प्रश्न योग्य आहे. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक धंद्यांसाठी १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. ती किती केबिनांमध्ये पाळली गेली, हे समोर बसलेल्या बंधूंच्या डोळ्यांवरूनच कळते. ज्या मालकाने दोन रात्री जागविलेल्या माणसाला तिसऱ्या रात्री ‘तेवढी एकच खेप मार’ म्हटले, त्याला मुदतीची सूचना मागण्याचा अधिकार किती उरतो? झोपेने डोळे मिटत असताना गाडी चालविण्यास नकार देणे हा उद्धटपणा नव्हे, तो धर्म आहे. वजनाचेही तसेच. २०१९ च्या दुरुस्तीने मर्यादेबाहेर माल भरल्यास २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास २,००० रुपये दंड ठरविला, आणि तो कायदा गाडी चालविणाऱ्यालाही धरतो. अशा प्रसंगी चालकाने जागच्या जागी नोकरी सोडली, तरी आम्ही त्याच्या बाजूने उभे राहू. मात्र ती गाडी निघण्यापूर्वी सोडावी, वाटेत नव्हे.

मालक बंधूंना आमची तीन मागणी आहेत. चालकाचा मूळ परवाना तारण म्हणून कपाटात ठेवू नका. तो त्याच्या पोटाचा कागद आहे. जाणाऱ्याचा पगार अडवू नका. २०१९ च्या वेतन संहितेत नोकरी सोडणाऱ्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे, असे स्पष्ट लिहिले आहे. आणि उचलीच्या जोरावर कोणाला बांधून ठेवू नका. उचल हे कर्ज आहे, ते फेडलेच पाहिजे, आणि फेडीत नाही त्याला आम्ही प्रामाणिक म्हणणार नाही. परंतु कर्जापोटी माणसाला कामाला जुंपून ठेवण्याची प्रथा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने मोडून काढली आहे. पैसे हप्त्याने मागावेत; माणूस मागू नये.

नोकरी सोडल्यानंतरचेही एक पथ्य आहे. नव्या मालकाच्या ओसरीवर बसून जुन्याची निंदा करणाऱ्याकडे नवा मालक कौतुकाने पाहत नाही. ‘उद्या हा माझेही असेच बोलेल’ एवढेच तो मनात धरतो. आणि हा धंदा विस्ताराने मोठा असला तरी ओळखीने लहान आहे. भिवंडीच्या गोदामात झालेली गोष्ट आठवड्याच्या आत इचलकरंजीच्या ट्रान्सपोर्टमध्ये ऐकू येते. चालकाचे खरे शिफारसपत्र मुखामुखी फिरत असते.

शेवटी ज्ञातिसंस्थेला एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. चालक व मालक या दोघांचेही हिशेब एका पानावर बसतील असा छापील नमुना संस्थेने करावा, आणि वाद झाल्यास दोन्ही पक्षांतील एकेक वडीलधारा माणूस बसवून तो मिटवावा. त्याला मोठा निधी लागत नाही, थोडा वेळ लागतो. ज्या दारातून आपण बाहेर पडतो, त्याच दारातून उद्या आपल्या धाकट्या भावाला आत जावयाचे असते. ते दार त्याच्यासाठी उघडे राहील, अशा रीतीने आपण बाहेर पडावे, एवढेच आमचे मागणे आहे.