बिनकामाचं चालणं

मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याहून आम्ही बचतगटाच्या बाया बोलतोय. एरवी या वेळेला कर्ज, हप्ते, काजू आणि कोकम यावरच आमचं बोलणं होतं. आज चालण्यावर बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचं? दिवसभर चालतोच की आपण. विहिरीवर, मळ्यात, बँकेत, लाकडांना. खरं आहे. पण एका बैठकीत हिशेब लिहून झाल्यावर, चहा उकळत असताना, एकीने सहज विचारलं, "आपल्या गडावर कोण कोण गेलंय?" आमच्या डोक्यावरच भरतगड आहे. रोज उठून दिसतो. चौदा जणींमध्ये तिघी गेल्या होत्या. एक शाळेच्या सहलीतून, दोघी आंब्याच्या दिवसांत मजुरीला. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकींचा जन्म गडाच्या पायथ्याशी गवत कापण्यात गेला. त्या वर कधी गेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "कामाशिवाय गडार कोण जाता?"

आम्हाला आठवलं, बिनकामाचं म्हणून आपण एकदाच चालतो, ते आंगणेवाडीला भराडी देवीच्या जत्रेला. तिथेही ओटीचं ताट हातात असतं. जत्रेची तारीख दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते, म्हणून घरातलं कोणी "कशाला जाता" विचारत नाही. मग आम्हीही ठरवलं की महिन्यातला एक रविवार आपला. त्याला कौल आपणच द्यायचा.

पहिला रविवार डिसेंबरातला. साडेसहाला निघालो तेव्हा धुकं होतं. गडावर जायला फार वेळ लागत नाही, सावकाश चढलं तर अर्धा-पाऊण तास. वर आंब्याची बाग आहे, ती खाजगी आहे. म्हणून आधी विचारून जा, आणि आंब्याला हात लावू नका. मोहोर आल्यावर राखण असते, कुत्रेही असतात.

गडाची गोष्ट पाण्याची आहे, म्हणून ती आम्हा बायकांच्या चटकन ध्यानात राहिली. असं सांगतात की १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी हा डोंगर पाहिला होता. पाणी पुरेसं दिसेना, म्हणून इथे किल्ला बांधायचा विचार सोडला. पुढे वाडीच्या फोंड सावंतांनी खडक फोडून विहीर खणली, पाणी लागलं, आणि मग किल्ला उभा राहिला. विहीर दोनशे फुटांहून खोल असल्याचं सांगतात. पायलीभर घाम गाळल्याशिवाय जांभ्यातून कळशीभर पाणी निघत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या विहिरीपाशी आम्ही बराच वेळ बसलो. काठावर वाकून मात्र बघू नका.

तटावरून खाली कालावलची खाडी दिसते. गड नदी इथे रुंद होत समुद्राकडे जाते. दोन्ही काठांना माड आणि मध्ये होड्या. समोर पलीकडच्या डोंगरावर भगवंतगड. तो बावड्याच्या पंत अमात्यांनी सावंतांच्या भरतगडाला तोंड द्यायला बांधला. एकमेकांच्या चुलीचा धूर दिसेल इतक्या अंतरावर दोन किल्ले! १८१८ साली इंग्रज आले आणि दोन्ही घेऊन बसले.

आमच्या काकींना मात्र या भांडणाचं काही नव्हतं. त्या तटाला धरून उभ्या होत्या आणि खाली काहीतरी शोधत होत्या. कौलं, मग माड, मग गोठा. "माझा घर बघ गो, केवढासा दिसता!" असं म्हणून त्या हसत सुटल्या. मग सगळ्याच आपापलं घर शोधायला लागल्या. चाळीस वर्षं ज्या घरात राबलो ते काडेपेटीएवढं दिसतं, याचं हसू येतं की रडू, ते सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यात नदीपलीकडे भगवंतगडावर गेलो. तिथे सिद्धेश्वराचं देऊळ आहे, तटबंदी बरीच पडलेली आहे, रान वाढलेलं आहे. वर गेल्यावर काकींनी लगेच आपला भरतगड कसा दिसतो ते पाहिलं आणि "आमचोच बरो" असा निकाल दिला.

तिसरी वाट सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्या बायांसाठी मुद्दाम ठेवलेली. तोंडवळीहून तळाशीलकडे वाळूवरून चालत जायचं. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला खाडी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि त्यावर माणसांची घरं. समुद्र तिथला किनारा खात चाललाय, हे तिथल्या बाया बोट दाखवून सांगतात. पूर्वीचे माड कुठे होते ते दाखवतात, आणि तिथे आता पाणी असतं. भरती-ओहोटीची वेळ आधी तिथल्या मच्छीमार बायांना विचारून घ्या. ओहोटीला वाळू घट्ट असते, पाय रुतत नाहीत.

आता चौथी वाट. खरं तर हिच्यासाठीच आज बोलायला आलो.

आपल्याच तालुक्यात कुडोपीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेली चित्रं आहेत. माणसासारख्या आकृती, जनावरं, काही नुसतीच नक्षी. अभ्यासक ती हजारो वर्षांपूर्वीची मानतात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकण आणि गोव्यातली अशी नऊ ठिकाणं आली. त्यात सिंधुदुर्गातलं हे एकच. हे ऐकल्यावर आमचा उत्साह आवरेना. पण टेम्पो उशिरा आला, डबे राहिले म्हणून कोणी परत फिरलं, आणि सड्यावर पोहोचायला साडेदहा झाले. महिना मार्चचा.

सडा काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. पावसात तिथे तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात, मार्चमध्ये तो तापलेला तवा असतो. वरून ऊन, खालून जांभ्याची धग, आणि सावलीला एक झुडूप नाही. आपल्या किनाऱ्याच्या हवेत ओल असते, त्यामुळे घाम येतो पण सुकत नाही. घाम सुकला तरच अंग थंड होतं. म्हणून घाटावरच्यापेक्षा आपल्याकडचा पारा कमी दिसला तरी ऊन अंगाला जास्त लागतं.

चित्रं पाहिली. चपला काढून, कडेकडेने, त्यांच्यावर पाय न देता. परत फिरताना आमच्यातली एक वहिनी चालता चालता खाली बसली. आधी वाटलं पाय मुरगळला. तोंड पांढरं पडलेलं, हात गार, नीट बोलेना. आम्ही घाबरलो. दोघींनी लुगड्याचा पदर धरून सावली केली, पोलक्याची बटणं सैल केली, ओला रुमाल मानेवर आणि काखेत ठेवला. शुद्धीवर होती म्हणून मीठसाखरेचं पाणी घोट घोट दिलं. शुद्ध हरपली असती तर तोंडात काही घालायचं नसतं, १०८ ला फोन करायचा असतो, हे आमच्यातल्या आशाताईंना माहीत होतं. अर्ध्या तासाने ती उठली.

मग तिच्या पिशवीत बाटली दिसली. काठोकाठ भरलेली. सकाळपासून घोटभरही पाणी तिने घेतलं नव्हतं. का, असं विचारलं तर खाली मान घालून म्हणाली, "पाणी पिलंय तर बसूचा खंय?"

मैत्रिणींनो, आम्ही सगळ्या गप्प झालो. कारण बाटल्या कोणाच्याच संपल्या नव्हत्या. पोळ्या किती, भाजी कोणती, टेम्पोचं भाडं किती, याचं सगळं नियोजन आम्ही वहीत लिहिलं होतं. हे लिहिलं नव्हतं. गडावर झाडी होती, म्हणून प्रश्न आला नाही. उघड्या सड्यावर आला. आणि फक्त सड्यावर का? बाजाराच्या दिवशी, तालुक्याला कामाला गेलं की, लग्नात, आपण असंच करतो. पाणीच पीत नाही. मग लघवीला जळजळ आणि ताप येतो, आणि ते दुखणंही सांगत नाही.

घरी गेल्यावर व्हायचं ते झालंच. "म्हणून सांगत होतो, काय हरवला तुमचा थंय?" दोन घरांतून पुढच्या वेळेला नकार आला. बैठकीत एकीने सुचवलं, बंद करूया. तेव्हा ती वहिनीच बोलली. म्हणाली, मी उन्हाने पडले, चालण्याने नाही.

आता आमच्या वहीत वेगळं पान आहे. उघड्या जागी जायचं असेल तर वाटेवरच्या शेवटच्या वाडीतल्या एका घरी आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. आजवर एकाही बाईने नाही म्हटलेलं नाही, उलट चहाही केला. एक जुनं नऊवारी लुगडं नेहमी बरोबर. चौघींनी चार कोपरे धरले की आडोसा होतो. पाण्याच्या दोन बाटल्या प्रत्येकीकडे, आणि परत येताना दोन्ही रिकाम्या दाखवायच्या. यावर हसू येतं, पण आम्ही खरंच तपासतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने, उजाडताना निघायचं, अकराच्या आत सावलीत. जांभ्याचे दगड हाताने उचलायचे नाहीत, फुरसं खाली असतं. कोणाला चावलंच तर बांधत बसायचं नाही, मंत्र नाही, सरळ दवाखाना.

कुडोपीला परत जाणार आहोत, या वेळी जानेवारीत. आमच्या काकी येणार आहेत. नकार आलेल्या दोन घरांपैकी एका घरातली सून येणार आहे, सासूबाईंना घेऊन. जवळपासच्या गावांतल्या गटांना यायचं असेल तर आपल्या ग्रामसंघात नाव द्या. लुगडं आमच्याकडे आहे, बाटल्या तुमच्या आणा.