साथीत कामावर गेलेली माणसं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



समितीने आम्हाला विषय दिला, ‘साथीचे रोग आणि समाजाचे कर्तव्य’. विषय मोठा आहे, त्यावर डॉक्टर मंडळींनी बोलावं. आम्ही आपल्या गल्लीपुरतं बोलणार. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सगळ्यांना घरात बसा म्हणून सांगितलं, तेव्हाही पहाटे पाचला ज्या घरांत दिवा लागत होता त्या घरांविषयी. कचऱ्याच्या गाडीवरचे, रुग्णालयातल्या आया आणि वॉर्डबॉय, बेस्टचे चालक-वाहक, आशाताई. यातली किती घरं आपल्याच वस्तीतली आहेत ते मोजून बघा.

तथागतांच्या काळी एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच मलमूत्रात पडून होता. कोणी जवळ जाईना. भगवंतांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः धुतलं, उचलून बिछान्यावर ठेवलं आणि मग संघाला जाब विचारला. विनयात शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही सांगितले आहेत. त्यात एक असा की, रोग्याची घाण, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी धम्मात हे काम गुणाचं ठरलं. गावगाड्याने तेच काम जातीच्या गळ्यात बांधलं आणि करणाऱ्यालाच घाण ठरवलं. फरक लक्षात घ्या.

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. ज्याला जमेल तो गावाकडे पळाला. त्या वेळच्या म्युनिसिपल कमिशनरला, स्नो साहेबाला, मोठी धास्ती होती ती हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून जातील याची. ते गेले असते तर मुंबई राहण्यालायक उरली नसती, हे साहेबाला पक्कं कळलं होतं. पगार ठरवताना मात्र ही अक्कल कुठे जाते कोण जाणे! आम्ही गिरणीवाले आहोत, म्हणून दुसरीही बाजू सांगतो. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. आत नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, अशी लोकांत भीती होती. सरकारची जबरदस्ती होती हे खरंच, पण मार बसायची वेळ आली ती आत राबणाऱ्यांवर. तेच रुग्णालय आज कस्तुरबा म्हणून ओळखलं जातं आणि २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोरोना रुग्ण तिथेच दाखल झाले.

त्याच प्लेगात क्रांतिज्योती सावित्रीमाई पुण्याजवळ रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. दरवर्षी आपण फोटोला हार घालतो. पण २०२० मध्ये आपल्याच चाळीत काय झालं?

पालिकेच्या रुग्णालयात आया असलेल्या एका ताईला नळावर पाणी भरू दिलं नाही. ‘तू तिकडची, तू शेवटी भर.’ हे बोलणारे परके नव्हते. पाणवठ्यासाठी महाडला चवदार तळ्यावर गेलेल्यांची नातवंडं होती ती. २२ मार्चला संध्याकाळी पाचला थाळ्या वाजवल्या, त्यातही हीच मंडळी होती.

त्या ताईने पुढे आम्हाला सांगितलं ते असं. तो झबल्यासारखा किट एकदा चढवला की सहा-सात तास पाणी नाही, लघवी नाही. म्हणून रात्रीपासूनच पाणी तोडायचं. लोकल बंद, बेसची गर्दी, घरी यायला तीन तास. आल्यावर मोरीत कपडे भिजवायचे आणि पोरांना जवळ घ्यायचं नाही. त्या तिघी जणींनी आपसात ठरवून टाकलं होतं, एकीला रडू आलं तर दोघींनी तिचं काम ओढायचं आणि काही विचारायचं नाही. त्यांच्याकडचा एक जुना वॉर्डबॉय प्रेत पिशवीत बांधताना त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचा. नातेवाईक जवळ येऊ शकत नाहीत, निदान नाव तरी ऐकू येऊ दे, असं त्याचं म्हणणं. कोणी शिकवलं नव्हतं त्याला.

काही पुरुष माणसं दारूची दुकानं उघडल्यावर प्यायला लागली. पाचवं शील आम्हालाही पाठ आहे. पण त्यांना नुसतं नाक मुरडणाऱ्यांनी आधी दिवसाला दहा पिशव्या बांधून बघाव्यात. बायकांना तर तीही सोय नव्हती. घरी येऊन भाकऱ्या होत्याच.

आशाताईंचं तर विचारूच नका. कायद्याच्या भाषेत त्या कामगारच नाहीत, स्वयंसेविका! दारोदार जाऊन ताप मोजायचा, लोकांच्या शिव्या खायच्या, आणि केंद्राने कोरोनाच्या कामासाठी महिन्याला दिले १००० रुपये. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या तेव्हा कुठे १००० ची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता पदरात पडला. आमच्या मते मनावरचा ताण हलका करणारं सगळ्यात मोठं औषध तेच होतं, एकत्र येऊन मागणं. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये म्युनिसिपल कामगार संघ काढला तो उगाच नाही.

आता मुख्य गोष्ट. साथीत मेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यासाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला होता, त्यात कंत्राटी माणसंही धरली होती. आपल्या वस्तीतला एक कंत्राटी सफाईवाला रुग्णालयात काम करता करता गेला. घरच्यांना ५० हजारांची मदत मिळाली, ती कोणाच्याही मृत्यूला मिळत होती. विम्याचं म्हणाल तर कंत्राटदार म्हणतो, त्या महिन्यात तो आमच्या यादीवर नव्हता. हजेरी तोंडी, पगार हातात, कागद एकही नाही. तीन वर्षं आम्ही त्या वहिनींबरोबर खेटे घातले. साहेब बदलत गेले, उत्तर तेच.

म्हणून समितीपुढे एक मागणी ठेवली आणि ती मान्य झाली आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर दोन शिकलेली पोरं विहारात वही घेऊन बसतील. कंत्राटी कामावर असणाऱ्या प्रत्येकाने हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा नंबर, ईएसआयचं कार्ड, जे असेल ते आणावं. त्याची झेरॉक्स विहाराच्या कपाटात राहील. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी मुकादमाचं नाव, गाडीचा नंबर आणि कामाची वेळ सांगावी, ती तारखेनिशी लिहून ठेवू आणि बरोबरच्या दोघांच्या सह्या घेऊ. झेरॉक्सचे पैसे समिती देणार आहे. येताना मूळ कागद घरी परत न्यायला विसरू नका.

जयभीम.