हात देऊ का?

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



मघाशी व्यासपीठावर येताना दोघीजणी मला धरायला धावल्या. एकीने डावा दंड धरला, दुसरीने उजवा. त्यांच्या प्रेमाबद्दल शंकाच नाही. पण दोन्हीकडून ओढल्यावर पायरी नेमकी कुठे आहे तेच मला कळेना! तेव्हा आज त्याच विषयावर चार शब्द बोलते.

तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल, संध्याकाळ झाली की मी धडपडायचे. गॅदरिंगच्या तालमीहून घरी जाताना एकदा गटारात पडले, तेव्हा सगळा वर्ग आठवडाभर हसत होता. मीही हसले होते. तो डोळ्यांचा आजार आहे हे फार उशिरा कळलं. त्याचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोझा. यात आधी रात्री दिसेनासं होतं, मग कडेचं दिसेनासं होतं आणि बोगद्यातून पाहावं तसं जग आकसत जातं. नोकरी कशीबशी पुरी केली. आता उजेड आहे की अंधार, एवढंच समजतं.

चार वर्षांपूर्वी हे गेले. मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणाला, "आई, आता एकटी राहू नकोस, आमच्याकडे चल." मी म्हटलं, "अरे, या घरात मला सगळं पाठ आहे. तुझ्या घरात आले की मी खरी आंधळी होईन." तो रागावला, पण थांबला.

माझा दिवस कसा जातो ते सांगते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाची सोय असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन मराठीत बोलून दाखवतो. दोनदा टिचकी मारली की ते उघडतं. शिकायला मला दोन महिने लागले आणि त्या काळात नको त्या माणसांना भल्या पहाटे फोन गेले. आज वीजबिल मी भरते, किराणा मी मागवते. चहा ओतताना कपाच्या काठाला एक छोटं यंत्र अडकवते. चहा वर आला की ते पिपाणीसारखं वाजतं. नोटांचं म्हणाल, तर नव्या शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांना कडेला उठावाच्या रेघा असतात, पण नोट जुनी झाली की त्या बोटाला लागत नाहीत. मग रिझर्व्ह बँकेचं 'मणी' हे अ‍ॅप उपयोगी पडतं. ते २०२० साली आलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की किती रुपयांची ते सांगतं.

सगळंच गोड नाही. हल्ली घरातल्या यंत्रांना बटणंच नसतात, सपाट काच असते. माझ्या बोटांना ती कोरी पाटी! शोधून शोधून दाबायच्या बटणांची इंडक्शन शेगडी घेतली आणि नेमक्या बटणांवर खड्याच्या टिकल्या चिकटवल्या. ओटीपी तर फोन वाचून दाखवेपर्यंत मुदत संपते. आणि वीज गेली की शेगडीही गेली. म्हणून डब्यात दशम्या कायम असतात.

ही शेगडी आली त्यामागे एक प्रसंग आहे. गेल्या वर्षी दूध उतू जाऊन गॅस विझला आणि वास येईपर्यंत मला पत्ता लागला नाही. मुलगा धावत आला. गॅस काढला, शेगडी आणली आणि स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला. त्याची भीती खरी होती. पण त्या कॅमेऱ्याखाली मला पोळ्या लाटता येईनात. शेवटी मी त्याला म्हटलं, "बाळा, तू बघतोयस की नाही, हेही मला दिसत नाही रे." तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने स्वतःच कॅमेरा काढला. आता रोज सकाळी सातला मी त्याला आवाजी निरोप पाठवते. आठपर्यंत निरोप गेला नाही, तर तो शेजारच्या वहिनींना फोन करतो. त्यांच्याकडे किल्ली असते.

यंत्र तेच असतं मंडळी. फरक पडतो तो त्याची दोरी कोणाच्या हातात आहे याने. मी संगणकावर वापरते तो 'एनव्हीडीए' हा पडदावाचक ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी सुरू केला आणि तो जगभर फुकट मिळतो. 'बी माय आइज' या अ‍ॅपवरून व्हिडिओ कॉल करून मी अनोळखी माणसाकडून औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचून घेते. त्याची कल्पनाही अधू दृष्टीच्या एका डॅनिश गृहस्थाची. अडचण ज्याची, त्याला विचारून किंवा त्यानेच केलेल्या वस्तू अशा उपयोगी पडतात. न विचारता आणलेल्या वस्तू माळ्यावर जातात. माझ्याही माळ्यावर तीन आहेत.

आपण सगळे साठीला टेकलो आहोत. कोणाचे गुडघे, कोणाचे कान, कोणाचा हात. आणि काहींच्या घरी आपल्याहूनही थकलेले आईवडील आहेत. त्यांच्यासाठी काही आणण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवंय?"

तालमीहून परतताना गटाराच्या त्या प्रसंगानंतर वर्गातली एक मुलगी रोज माझ्याबरोबर चालायची. तिने कधी माझा हात ओढला नाही. अंधार पडला की फक्त विचारायची, "हात देऊ का?" कधी मी हो म्हणायचे, कधी नाही. ती आज इथेच बसली आहे. नाव सांगितलं तर रागावेल.

आता मला खाली उतरायचंय. पायऱ्या तीन आहेत, मी मोजल्यात. तरी कोणी विचारलंत, तर आज मी हो म्हणेन.