परदेशी वाहन चालविताना



मुलगा-सून नोकरीनिमित्त परदेशी आहेत, अशी घरे आपल्या वारज्यात आज पुष्कळ आहेत. त्यांना निरोप देताना आपण लोणच्याची बरणी जपून बांधतो, पासपोर्ट दहा वेळा पाहतो. वाहन-परवान्याची आठवण मात्र विमान सुटल्यावर होते. म्हणून त्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

संगम पुलाजवळील आर. टी. ओ. कचेरीकडून मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यास १९४९ च्या जिनिव्हा कराराचा आधार आहे. परंतु तो स्वतंत्र परवाना नव्हे. मूळ परवान्याचे ते भाषांतर होय. मूळ परवाना जवळ नसेल तर त्यास किंमत नाही, आणि त्याची मुदतही फार तर एक वर्षाची.

शिवाय तो प्रवाशासाठी आहे. परक्या देशी बिऱ्हाड थाटले की तेथील कायदा लागू होतो. रहिवासी झाल्यापासून आपला परवाना ब्रिटनमध्ये बारा महिने चालतो, जर्मनीत साधारणतः सहा. तो बदलून सरळ तेथील परवाना मिळत नाही. नियमांची व प्रत्यक्ष चालविण्याची, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मुदतीनंतर गाडी चालविणारा विनापरवाना ठरतो. अपघात झाल्यास विम्याचा आधारही डळमळतो.

“वीस वर्षे पुण्यात गाडी हाकली, आता आमची परीक्षा?” असे पुष्कळांस वाटते. आम्हांस त्यात अपमान दिसत नाही. आपल्या चौकांत जो आधी घुसतो त्यास वाट मिळते. जर्मनीत खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. हात तोच असला तरी समोरच्याची अपेक्षा निराळी. ती न ओळखणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकरास धोक्यात घालणे होय.

तेव्हा आमची विनंती एवढीच. निघण्यापूर्वी येथील परवान्याची मुदत पाहावी. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे ती संपण्याआधी वर्षभर नूतनीकरण करता येते. संपून वर्ष उलटले तर येथेही पुन्हा परीक्षा आहेच. तेथे पोचल्यावर पहिल्या महिन्यांतच परीक्षेच्या तयारीस लागावे, आणि ती एकट्या मुलानेच नव्हे, सुनेनेही द्यावी. आजारी मूल घेऊन दवाखान्यात जाण्याची वेळ कोणावर येईल, हे सांगून येत नाही.