गाण्याचे धनी आणि त्यांचें धन

बोरीवलीहून चर्चगेटकडे निघालेल्या गाडींत एखादा प्रवासी मोबाईलवर गीतरामायणांतील पद ऐकतो, तेव्हां त्याच्या कानीं एकच गाणें पडतें. परंतु कायद्याच्या दृष्टीनें त्यांत तीन निरनिराळे हक्क असतात. शब्द व चाल यांचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा आणि गायकाच्या कंठाचा तिसरा. या हक्कांपोटीं मिळणारा मोबदला म्हणजे स्वामित्वधन, अर्थात् रॉयल्टी.

हें धन कलावंताच्या घरीं सहजासहजीं आलेलें नाहीं. १९४९ सालच्या 'महल' चित्रपटाच्या तबकडीवर लता मंगेशकर यांचें नांवहि नव्हतें. तेथें 'कामिनी' हें पात्राचें नांव छापलें होतें. १९५७ च्या कायद्यानें कवि व संगीतकार यांचे हक्क मान्य केले. त्यांच्या वतीनें वसुली करण्यासाठीं १९६९ सालीं इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. तथापि १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, निराळा करार नसेल तर चित्रपटासाठीं मोबदला देऊन करवून घेतलेल्या गीताचा धनी निर्माता होय. २०१२ च्या दुरुस्तीनें पारडें फिरलें. कवीनें वा संगीतकारानें हक्क विकला, तरी चित्रपटगृहाबाहेरील उपयोगाच्या स्वामित्वधनांतील बरोबरीचा वांटा त्याला सोडून देतां येत नाहीं. गायकांनाहि वांटा मिळाला. त्याच्या वसुलीसाठीं २०१३ सालीं त्यांच्या स्वतंत्र संस्थेची नोंदणी झाली.

इंटरनेटवरून गाणीं ऐकविणाऱ्या कंपनीस हक्कधाऱ्यांशीं करार करावा लागतो. रेडिओसाठीं असलेली ठराविक दराच्या परवान्याची सवलत तिला लागू नाहीं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं दिला व २०२२ सालीं तो द्विसदस्य पीठानें कायम केला. कोणतें गाणें किती वेळां वाजलें याचा हिशेब कंपनी देते आणि त्यावरून रकमेची वांटणी होते.

खरी अडचण येथेंच आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणास बारा अक्षरांकांची एक खूण असते. तिच्यावरून ध्वनिमुद्रण ओळखतां येतें. शब्द कोणाचे व चाल कोणाची, याचा उलगडा तेवढ्यानें होत नाहीं. त्यासाठीं कवीनें व संगीतकारानें सोसायटीचें सभासद होऊन आपल्या कृति नोंदवाव्या लागतात. ज्या संस्थेनें अनेक वर्षें आपला कारभार अंधेरी पश्चिमेहून चालविला, तिच्या वहींत मुलुंड वा घाटकोपर येथील एखाद्या भावगीतकाराचें नांव नसेल, तर गाणें लाख वेळां वाजूनहि त्याचा वांटा वाट चुकतो.

ही गोष्ट वारसांनींहि ध्यानांत ठेवावयास हवी. कवीच्या वा संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षें त्याच्या कृतीवरील हक्क टिकतो. ग. दि. माडगूळकर १९७७ सालीं निवर्तले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्काची मुदत २०३७ अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ सालीं गेले, त्यांच्या चालींची मुदत २०६२ अखेरपर्यंत. एकाच पदाच्या शब्दांची व चालीची मुदत अशी निरनिराळी असते. ज्या घरांत जुन्या गीतांच्या वह्या, करारपत्रें व तबकड्या पडून आहेत, तेथें ते कागद रद्दींत जाण्यापूर्वीं एकदां वाचले जावेत. कायद्यानें हक्क दिला आहे. तो पदरांत पडण्यासाठीं नांव मात्र ज्याचें त्यानेंच नोंदवावयाचें आहे.