बाळाचे संगोपन आणि वडिलांचा वाटा

(संस्थेच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेतील एक साधे कारकून. संस्थेच्या कार्यक्रमात आम्हाला बोलावतात ते बहुधा शैक्षणिक कर्जाची माहिती देण्यासाठी, नाहीतर स्पर्धा परीक्षेचा अर्ज कसा भरावा हे सांगण्यासाठी. यंदा कार्यकर्त्यांनी विषय दिला 'कौटुंबिक जीवन'. आम्ही म्हटले, या विषयातले आम्हाला काय कळते? त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अकरा महिन्यांचे मूल घरात आहे ना, मग तेच सांगा." म्हणून जे घडले तेच सांगणार आहोत. त्यात आमच्या चुकाही येतील. त्या ऐकून तरुणांनी त्या टाळल्या, तर आजचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

आमचे लग्न तसे उशिरा झाले आणि लग्नानंतर नऊ वर्षांनी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी आम्ही बाप झालो. तोपर्यंत बाप होणे म्हणजे पेढे वाटणे, दवाखान्याचे बिल भरणे आणि जन्मदाखला काढणे, एवढीच आमची कल्पना होती. आम्ही मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालो. आपल्या वाङ्मयात आईचे केवढे स्थान! साने गुरुजींची 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली आणि घरोघर गेली. आपणही सर्वांनी वाचली असेल. पण श्यामच्या वडिलांविषयी कोणी चार वाक्ये सांगा म्हटले, तर आपण अडखळतो. तान्ह्या बाळाच्या बापाने काय करायचे असते, हे आम्हाला ना पुस्तकाने शिकवले, ना घराने.

गेल्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात आमच्या मुलाचा जन्म झाला. सिझेरियन करावे लागले. वजन भरले २ किलो ३०० ग्रॅम. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ म्हणजे जरा जपावे लागणारे बाळ, असे डॉक्टरांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी परिचारिका आल्या आणि म्हणाल्या, "बाळाचे वडील कोण? शर्ट काढा आणि खुर्चीत टेकून बसा." वॉर्डात सासूबाई, मावशी, शेजारच्या खाटांवरच्या बायका. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण त्यांनी बाळाला केवळ लंगोट आणि टोपरे ठेवून आमच्या उघड्या छातीवर उभे धरले, मान एका बाजूला वळवली आणि वरून चादर लपेटली.

याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी ती सुरू केली. तेथे कमी वजनाच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या पुऱ्या पडत नव्हत्या. आईच्या त्वचेची ऊब मिळाली की बाळ थंड पडत नाही, अंगावर नीट पिते, वजन धरते. आता जागतिक आरोग्य संघटनाही कमी वजनाच्या बाळासाठी हीच पद्धत सांगते. आई शस्त्रक्रियेमुळे पडून असेल तर ही ऊब बापही देऊ शकतो. त्या दिवशी दोन तास आम्ही हललो नाही. बाळाचा श्वास आमच्या छातीला लागत होता. पेढे वाटताना जे कळले नव्हते ते त्या दोन तासांत कळले.

आम्ही पंधरा दिवसांची पितृत्व रजा घेतली. रजेचा अर्ज पाहून आमचे एक वरिष्ठ हसून म्हणाले, "बाळंतपण तुमचे झाले की वहिनींचे?" आम्हीही हसलो. आज वाटते, हसायला नको होते. केंद्र सरकारी नोकरांना आणि सरकारी बँकांतील लोकांना ही पंधरा दिवसांची रजा आहे. खाजगी नोकरी करणाऱ्या बापाला ती दिलीच पाहिजे असा सर्वसाधारण कायदा मात्र नाही. नोकरदार आईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. आमची पत्नी घरी शिवणकाम करते. तिला कोण रजा देणार? मशीन थांबले की तिची मिळकत थांबली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाळंतिणीला विश्रांती मिळावी ही गोष्ट आज आपण गृहीत धरतो. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले. १९२९ साली तो कायदा झाला. हे बोलणारा माणूस स्वतः बाप होता. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार अपत्ये लहानपणीच गेली होती. धाकटा राजरत्न तर १९२६ साली, म्हणजे त्या भाषणाच्या अवघी दोन वर्षे आधी गेला. लेकराच्या मृत्यूचे दुःख त्यांनी सभागृहात बोलून दाखवले नाही. पण ते त्यांना ठाऊक होते.

आमच्या घरीही हे दुःख येऊन गेले आहे. आमच्या आधीची एक बहीण हगवणीने गेली. आईला कोणीतरी सांगितले होते, हगवण लागली की पाणी तोडायचे. तिने पाणी तोडले. खरे तर नेमके उलटे करायला हवे होते. मीठ-साखरेचे पाणी किती लेकरांना वाचवते, हे १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखवून दिले होते. पण ते ज्ञान आमच्या वस्तीपर्यंत वेळेवर पोहोचले नाही. आई आजही तिचे नाव काढत नाही.

बाळ घरी आले आणि आशाताईंच्या भेटी सुरू झाल्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, असे त्यांचे येण्याचे दिवस ठरलेले. त्या वजन करीत, ताप पाहत, नाळ पाहत. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही कल्पना आपल्या विदर्भातच, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना शिकवून यशस्वी करून दाखवली. त्यांचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभर हे काम आशाताईंकडे आले. आपल्या दारी येणारी ही बाई किती मोठे काम घेऊन येते, याची जाणीव ठेवून तिला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी तरी द्यावे.

आशाताईंनी बजावले : सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नको. मध वर्षभर चाटवायचा नाही, त्याने तान्ह्या बाळाला भयंकर विषबाधा होऊ शकते. काजळ घालायचे नाही. आणि आमच्या आईने तर गुटीची सहाण, मधाची बाटली, सगळे काढून ठेवलेले! नागपूरचा एप्रिल, पारा चाळिशीच्या पुढे. आई म्हणे, "लेकराचा घसा सुकते, चमचाभर पाणी पाज." पत्नी नाही म्हणाली, तर सून शहाणी ठरली आणि घरात दोन दिवस अबोला. आम्ही मात्र "तुम्ही बायका पाहून घ्या" म्हणून पेपर वाचत बसलो.

मित्रांनो, ही आमची पहिली चूक. आपल्या आईला सांगायचे असेल ते मुलाने सांगावे. सुनेच्या तोंडी दिले की त्याचे भांडण होते. शेवटी आम्ही आईजवळ बसलो आणि म्हटले, "आई, दुधातच पाणी आहे. त्याला तहान लागली तर तो जास्त वेळा पिईल. वरचे पाणी त्याला बाधेल." आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या वक्ती मले कोणी असं सांगतलं असतं तर!" ती उठली आणि मधाची बाटली वरच्या फळीवर ठेवून आली.

दुसरी चूक याहून मोठी. तिच्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत. ती घडली त्याआधी, मार्चमध्ये.

रजा संपली आणि मार्च अखेरचे काम अंगावर आले. रात्री नऊ-साडेनऊला घरी यायचो. आल्यावर विचारायचो, बाळाने दूध किती वेळा घेतले, शी झाली का, वजन किती वाढले. एका रात्री पत्नी भिंतीकडे तोंड करून रडत होती. विचारले तर म्हणाली, "तुम्ही रोज बाळाचा हिशेब घेता. माझं कोणी विचारतं का? मला झोप नाही. हे बाळ माझं आहे असं वाटतच नाही. त्याच्याजवळ एकटं बसायची मला भीती वाटते."

आम्ही काय म्हणालो? "नऊ वर्षांनी लेकरू झालं. आता हसायचं की रडायचं?"

दिवसभर काउंटरवर बसून आम्ही शंभर माणसांशी गोड बोलतो, आणि आपल्या माणसाला हे उत्तर दिले. ती त्यानंतर बोललीच नाही. तीन दिवसांनी अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीला आशाताई आल्या. त्यांनी बाळाचे वजन केले आणि मग आईकडे पाहून विचारले, "तुम्ही कशा आहात?" एवढ्या एका प्रश्नावर तिचा बांध फुटला.

आशाताईंनी आम्हाला समजावले. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस उगीच रडू येणे पुष्कळ जणींना होते आणि ते आपोआप जाते. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी राहिली, झोप गेली, बाळ नकोसे वाटू लागले, तर तो आजार आहे. तो नखरा नाही, आणि बाहेरची बाधा तर नाहीच. त्यावर उपचार आहेत. आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधे दिली, तिचे बोलणे ऐकून घेतले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "औषध मी लिहून दिले आहे. झोप तुम्हाला द्यावी लागेल." येथे जमलेल्यांपैकी कोणाच्या घरी अशी वेळ आली तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लिहून घ्या. ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत आणि रात्रीही कोणी ना कोणी बोलते.

त्या दिवसापासून घराची व्यवस्था बदलली. रात्री दहा ते दोन ही आमची पाळी. पत्नी दूध काढून फ्रिजमध्ये ठेवी. बाळ उठले की वाटी कोमट पाण्यात धरून आम्ही बोंडल्याने ते पाजायचो, खांद्यावर घेऊन ढेकर काढायचो, लंगोट बदलायचो. पहिल्या रात्री निम्मे दूध आमच्या बनियनवर सांडले. आठवड्याभरात हात बसला. पत्नीला सलग चार तास झोप मिळू लागली. दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी ती बाळाशी बोलताना ऐकू आली. ती त्याला मशीनच्या दोऱ्याचे रंग सांगत होती. आम्ही दाराआडच थांबलो.

सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी झाल्या, नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची झाली. प्रत्येक वेळी आम्ही स्वतः कार्ड घेऊन रांगेत उभे राहिलो. रांगेत बाप बहुधा आम्हीच. दुपटी-लंगोट धुऊन गॅलरीत वाळत घालतो, तर समोरचे गृहस्थ म्हणाले, "काय साहेब, प्रमोशन झाले वाटते?" आम्ही मान खाली घालून आत आलो. हे आईने पाहिले आणि तिने आजवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

आमचे वडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. चारचौघांत त्यांनी आम्हाला कडेवर घेतल्याचे आम्हाला आठवत नाही. त्या काळी वडीलधाऱ्यांसमोर आपले लेकरू उचलणे लाजेचे होते. आई म्हणाली, "तुहा बाप बी धुये. पण अंधारात. तिसऱ्या पाळीवरून आला का वस्ती उठाच्या आंधी नळावर जाऊन तुहे लंगोट धुऊन टाके. कोणी पाह्यलं त हसन म्हणून मले म्हणे, म्या धुतले म्हणून सांगू नको."

वडील जाऊन बारा वर्षे झाली. आयुष्यभर आम्ही त्यांना कठोर माणूस समजत आलो. रात्रभर यंत्रावर उभा राहिलेला माणूस पहाटे थंड पाण्यात हात घालतो, आणि त्याला लाज वाटते ती लेकरावरच्या प्रेमाची! आम्ही त्याच पावली गॅलरीत परत गेलो आणि राहिलेली दुपटी सगळ्यांसमोर वाळत घातली.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही उद्या शिकून मोठे व्हाल, संसार कराल. तेव्हा "मी बायकोला मदत करतो" असे म्हणू नका. मदत आपण शेजाऱ्याच्या घरी करतो. आपल्या घरात आपला वाटा असतो. त्याची सुरुवात आजपासून करा. जेवल्यावर आपले ताट आपण उचला. बहीण अभ्यासाला बसली असेल तर चहा तुम्ही ठेवा. घरात बाळंतीण असेल तर बाळाच्या आधी तिची विचारपूस करा. एवढे केले तर उद्याच्या बापाला लंगोट धुण्यासाठी अंधाराची वाट पाहावी लागणार नाही.

आमचे चिरंजीव आता भिंतीला धरून उभे राहतात. आज येथे येताना त्यांनी आमच्या शर्टाच्या खिशातील पेन ओढून घेतला, म्हणून या भाषणाचे टिपण त्यांच्या आईच्या पेनाने पूर्ण केले आहे. त्या समोर बसल्या आहेत. आजारपणाची गोष्ट सांगू का, असे आम्ही त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, "सांगा, कोणाच्या तरी कामी येईल."